पाय उचलला, दुखलं. म्हणून गादी सरकली?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कंबरदुखीवरच्या आपल्या लेखात एक घरगुती तपासणी दिली आहे. उताणं झोपून सरळ पाय दुसऱ्याकडून उचलून घ्यायचा; दुखलं, तर मणक्याची गादी सरकली असं समजायचं. एकवीस वर्षं मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यातली पहिली दहा वर्षं रुग्णांना मीही हेच ठणकावून सांगत होते, म्हणून हे पत्र.

या चाचणीचा हिशोब २०१०च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) आहे, तोही मुख्यतः शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचलेल्या रुग्णांचा. गादी खरोखर सरकलेल्या १०० जणांपैकी सुमारे ९२ जणांना पाय उचलल्यावर दुखतं. छानच! पण गादी जागेवर असलेल्या १०० पैकी सुमारे ७२ जणांनाही दुखतं. मग दुखण्यावरून कळलं काय? आखडलेली मांडी ताणली तरी माणूस ‘आई गं’ म्हणतोच. कळ नसेच्या वाटेने गुडघ्याखाली उतरली का, हे विचारायचं मात्र राहून जातं. याउलट, चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली, तर मी कान टवकारते. असं क्वचितच होतं, पण गादी न सरकलेल्यांत ते दहातल्या एखाद्यालाच होतं.

थेट एमआरआय काढावा, तर २०१५च्या एका आढाव्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकीही ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या.

माझा ताठा उतरला तो वेगळ्याच तपासणीने. एका रुग्णाचं कमरेचं डावं हाड वर आहे, असं मी चाचपून कागदावर लिहिलं आणि आठवडाभर त्या बाजूवर उपचार केले. मग मी रजेवर गेले. सहकारी बाईंनी माझा कागद न बघता तपासलं आणि उजवं हाड वर असल्याचं लिहिलं, तितक्याच ठामपणे. त्यांनी उजवीकडे उपचार केले. रुग्णाला दोन्ही आठवड्यांत बरं वाटलं! कंबर बऱ्याचदा आपसूकच निवळते आणि श्रेय आमच्या बोटांना मिळतं.

आता कुठलीही चाचणी करण्याआधी मी स्वतःला विचारते, उत्तर काहीही आलं तरी उपचार तेच राहणार असतील, तर ही करायची कशाला? तो वेळ मी प्रश्न विचारण्यात घालवते. लघवी अडते का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, हे पाय उचलून कळत नाही आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावं लागतं.

लेखातलं ते वाक्य दुरुस्त करून छापावं आणि हे दोन प्रश्न त्यासोबत द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट