तिसऱ्या पदावर हात ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितेय. ज्यांच्यामुळे मी हा विषय सोडायला निघाले होते, त्यांच्याबद्दल चारचौघांत भरपूर बोलून झालंय. मग तुमच्याबद्दलच गुपचूप का बोलायचं?

पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, म्हणजे गुंतवणुकीचे पैसे कशाकशात किती वाटायचे ते शास्त्र, आम्हाला आधी ज्यांनी शिकवलं, ते स्लाइड वाचून दाखवायचे. शंका विचारली की ‘सूत्र पाठ करा, पेपरात तेवढंच येतं’. पुन्हा विचारली की ‘गणित झेपत नाही तर हा विषय घेतलाच कशाला?’ आणि विविधीकरण म्हणजे काय, तर सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. बरं, दहा टोपल्या केल्या. पण दहाही एकाच गाडीवर लादल्या आणि गाडीच उलटली तर? यावर वर्ग हसला, सर हसले नाहीत. माझी शंका ‘सिलॅबसबाहेर’ गेली. खरं तर अख्खा सिलॅबस त्याच शंकेवर उभा आहे, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. तुमच्या बॅचमध्ये कशी आले, तो उपद्व्याप इथे नको.

त्या दिवशी तास संपला होता, वर्ग रिकामा होत होता. माझ्या वहीत दोन शेअरच्या पोर्टफोलिओच्या व्हेरिअन्सचं, म्हणजे चढउताराच्या मापाचं, सूत्र होतं, तीन पदांचं, म्हणजे बेरजेच्या तीन तुकड्यांचं. तुम्ही फळ्याकडे न जाता बाकावर माझ्या शेजारी येऊन बसलात आणि तिसऱ्या पदावर तळहात ठेवलात. ‘हे दिसतच नाही असं समज. आता जोखीम किती?’

दोन्ही शेअरचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे व्हेरिअन्सचं वर्गमूळ (यालाच आम्ही जोखीम म्हणतो), २० टक्के, पैसे निम्मे-निम्मे. मी आकडेमोड करत होते आणि तुम्ही काहीही न बोलता बसून होतात. घड्याळ नाही, फोन नाही, ‘अगं सोपं आहे’ नाही. ‘सोपं आहे’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकले होते की ते न ऐकणं हीच मोठी सुटका होती. उत्तर आलं १४.१ टक्के. मग तुम्ही हात उचललात आणि त्या पदातला सहसंबंध (दोन शेअर कितपत एकत्र हलतात ते सांगणारा, उणे १ ते अधिक १ मधला आकडा) बदलत गेलात. अधिक १ धरला तर जोखीम पुन्हा २०. दोन शेअर घेऊन काडीचाही फायदा नाही. उणे १ धरला तर शून्य. शेअर तेच, पैसे तेच. सगळा फरक होता तुमच्या हाताखाली झाकलेल्या पदात.

अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ च्या लेखात हीच गोष्ट मांडली होती: शेअर एकेकटा कसा आहे यापेक्षा तो इतरांबरोबर कसा हलतो ते बघा. १०० शेअर घेतले तर ज्याच्या-त्याच्या चढउताराची पदं १००, आणि जोड्यांच्या नात्याची ४,९५०. एवढं कळल्यावर पाठ करायला उरतंच काय! शिकागोला त्यांच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत नामवंत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणाले होते की हे अर्थशास्त्रच नव्हे. १९९० मध्ये त्याच कामासाठी मार्कोविट्झना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सिलॅबसबाहेर काढली गेलेली मी एकटीच नाही, हे समजल्यावर जरा बरं वाटलं.

आणि गाडी उलटण्याची ती शंका! ती तुम्ही उडवून लावली नाहीत, उलट मला आणखी खोलात नेलंत. सहसंबंध हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. घबराट पसरली की एरवी वेगवेगळ्या वाटेने जाणारे शेअरही एकत्र कोसळतात, २००८ मध्ये कोसळलेच. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही अमेरिकेतली गुंतवणूक कंपनी १९९८ मध्ये बुडायला आली, तेव्हा तिच्या भागीदारांत आदल्याच वर्षीचे दोन नोबेलविजेते होते, हेही तुम्हीच सांगितलंत. स्वतः शिकवलेलं सूत्र कुठे तोकडं पडतं हे स्वतःच दाखवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तुमच्यावर आणि सूत्रावरही विश्वास बसला.

विद्वान पुष्कळ भेटतात. समोरच्याला येत नाही हे दिसत असताना त्याला ओशाळं न करता त्याच्या शेजारी बसून राहणारे मात्र फार थोडे. ऑफिसच्या खिडकीपलीकडे, दवाखान्यात, बँकेत, जिथे जिथे एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं, तिथे अशी माणसं असती तर आपली निम्मी चिडचिड संपली असती. याला पगार वाढत नाही, कुठल्या अहवालात याची नोंदही होत नाही. म्हणून मीच इथे नोंद करून ठेवतेय.

मनापासून आभार, मॅडम.

ता. क. सध्या बीटावर, म्हणजे बाजार हलला की एखादा शेअर किती हलतो त्या आकड्यावर, अडकलेय. ‘बाजार’ म्हणून आपण शेअरचा निर्देशांक धरतो, पण खऱ्या बाजारात घरं, जमिनी, माणसांची कमाईची ताकद, सगळंच आलं ना? ते मोजताच येत नसेल तर बीटावरून शेअरचा अपेक्षित परतावा सांगणारं मॉडेल तपासायचं कसं, हा रिचर्ड रोल यांचा १९७७ चा आक्षेप वाचला आणि मला तो पुरता पटलाय. तुम्हाला पटत नसणार. भांडायला येतेय, वेळ काढून ठेवा.

तुमची विद्यार्थिनी