वेदरसील्ड म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, आंबोलीत तर नाहीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीला कुठला कॅमेरा न्यावा यावर लेख आला होता. तो वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, पण जमेना म्हणून लिहितेय. लेखाचं म्हणणं असं की हल्लीचे मिररलेस (आत आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे वेदरसील्ड, म्हणजे फटींना रबर लावून पाणी-धुळीपासून राखलेले असतात, पावसात बिनधास्त वापरा, आणि ते छोटे वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट म्हणजे पोरांची खेळणी, त्यापेक्षा फोन बरा. लेखक पुण्या-मुंबईचे असावेत असं मला का कोण जाणे वाटलं, राग मानू नये. मी सावंतवाडीची. आंबोली इथून तीसेक किलोमीटर, आणि जून ते सप्टेंबर आमचे शनिवार-रविवार बेडूक बघण्यात जातात. घरात दोन्ही प्रकारचे कॅमेरे आहेत, आणि दोन्हींनी आम्हाला एकेकदा रडवलंय, त्यामुळे बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मानते.

आधी त्या वेदरसील्डचं बघू. बहुतेक कंपन्या फक्त धूळ आणि शिंतोड्यांपासून संरक्षण असं मोघम लिहितात, आकडा देतच नाहीत. जे मोजके देतात त्यात ओएम सिस्टिमचा २०२२ सालचा ओएम-१ आहे, त्याला आयपी ५३ रेटिंग आहे, त्यातला ५ धुळीचा आणि ३ पाण्याचा. पाण्याचा ३ म्हणजे काय, तर सरळ वरून किंवा ६० अंशांपर्यंत तिरपा येणारा फवारा सोसेल. आता आंबोलीच्या घाटात उभं राहून बघा जरा, तिथं पाऊस वरून येतो कुठे, तो दरीतून वर येतो, आडवा येतो, छत्रीच्या आतून येतो. आणि हे सुद्धा कधी, तर लेन्सही सील्ड असेल तेव्हाच. नवशिके लोक घेतात त्या कॅननच्या आर ५० सारख्या बॉडीला सीलिंगच नसतं, सोबत येणारी किट लेन्स पण तशीच. झूम फिरवला की लेन्सची नळी बाहेर येते, तिच्यावर पाणी बसतं, परत आत घेतली की पाणी पण आत. ह्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालंय, मी पहिल्यांदा मिररलेस घेऊन पावसात निघाले तेव्हा म्हणाले होते, "अगो कॅमेरो भिजतलो मां! पावसाक काय म्हायत सील आसा म्हणान?" मग दुधाच्या पिशव्या धुवून, कोपरा कापून, रबरबँडने लेन्सला बांधून आम्ही दोन पावसाळे काढले.

तर पावसाने काही केलं नाही त्याला. केलं कपाटाने. लेखात यावर एक ओळ नाही आणि माझ्या मते कोकणात सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. गणपतीत कॅमेरा बाहेर काढला, लेन्स उजेडाला धरली तर आत कडेला बारीक पांढरं जाळं, कोळ्याने विणावं तसं. बुरशी. बॅग ओलसर, कपाट ओलसर, आणि आत तो बिचारा महिनाभर अंधारात. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात अजून थोडी भर घातली तर दुसरी लेन्स आली असती. आता हवाबंद डब्यात ठेवतो, आत सिलिका जेल आणि ऑनलाइन मागवलेला छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की एका जुन्या कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, परत निळे होतात, फक्त ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही. तांदळात कॅमेरा पुरून ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, तांदळाची भुकटी बटणांच्या फटीत जाऊन बसते.

आता त्या खेळण्याकडे येते. माझ्याकडे ऑलिंपसचा टीजी-६ आहे, २०१९ चा. ऑलिंपसने कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ च्या सुरुवातीला विकला, त्यानंतर ओएम सिस्टिम नावाने २०२३ मधे टीजी-७ आला, पण आत सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, बारा मेगापिक्सेलचाच. पाण्यात १५ मीटर, २.१ मीटरवरून पडला तरी चालतो, १०० किलो वजन सोसतो, आणि हे सगळं अडीचशे ग्रॅममधे. झूम करताना काही बाहेर येत नाही कारण आत प्रकाश काटकोनात वळवलेला असतो, लेन्स आडवी झोपलेली असते बॉडीच्या आत, म्हणूनच तो पाणी धरत नाही. पण ह्याच कारणाने सेन्सर एवढासा. ६.२ बाय ४.६ मिलीमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीचा दाणा समजा. माझ्या मिररलेसचा २३.५ बाय १५.६, मी पतपेढीत असल्याने मला तो रेव्हेन्यू स्टॅम्पपेक्षा जरा लहान असा दिसतो. क्षेत्रफळात तेरा पट फरक. हे लपवण्यात अर्थ नाही, संध्याकाळी पाच नंतर धुक्यात टीजी-६ ने काढलेलं जंगल घरी मोठं करून बघितलं की पानं पाण्यात कालवलेल्या रंगासारखी दिसतात. मिररलेसचा तोच फोटो भिंतीवर लावण्यासारखा येतो. उगाच दोन्ही सारखेच म्हणणाऱ्यातली मी नाही.

मग मी पावसात टीजी-६ च का नेते?

मागच्या जुलैची गोष्ट सांगते. रात्री साडेआठचा सुमार, पाऊस सरी धरून कोसळतोय, कारवीच्या पानाखाली एक झाडबेडूक, अंगठ्याच्या नखाएवढा, गळ्याची पिशवी फुगवून टिक टिक करतोय. टीजी ची लेन्स एक सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, आणि लेन्सभोवती बसवायचं एक प्लॅस्टिकचं कडं मिळतं जे कॅमेऱ्याच्याच दिव्याचा उजेड गोल पसरवतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात कॅमेरा, वरून धो धो पाऊस, आणि बेडकाच्या पाठीवरचा प्रत्येक पुटकुळा, डोळ्यातली सोनेरी रेष, पिशवीवर थांबलेला पाण्याचा थेंब, सगळं स्पष्ट. सेन्सर लहान म्हणून इथे उलट फायदा होतो, एवढ्या जवळून पण नाकापासून ढुंगणापर्यंत सगळं फोकसमधे राहतं, मिररलेसवर मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स लावून काढलं की फक्त डोळा धारदार आणि बाकी लोणी. शेजारी मुंबईचा एक ग्रुप होता, त्यांच्याकडे माझ्या वर्षाच्या पगाराएवढा सेट असावा, पण तो रेनकोटच्या आत पोटाशी धरलेला. अर्धा तास ते पाऊस थांबायची वाट बघत होते. बेडूक थांबला नाही.

पण लगेच पुढच्या वळणावर चापडा दिसला, मलबार पिट वायपर, फांदीवर वेटोळं घालून, तेव्हा माझं खेळणं खिशात गेलं. विषारी सापाच्या एक सेंटीमीटर जवळ कोण जाणार, आणि जाऊ पण नये, सापाला पण त्रास. तिथं त्या मुंबईवाल्यांची १०० मिलीमीटरची मॅक्रो लेन्स लांबून सुरेख काम करून गेली, मीच छत्री धरली त्यांच्या डोक्यावर. सांगायचं काय, तर कुठला चांगला हा प्रश्नच चुकतो, कशाच्या किती जवळ जाणार आणि किती भिजणार ते आधी विचारा. चौकुळच्या सड्यावर सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात, ती जमिनीलगत, चिखलात, तिथं पालथं पडून कॅमेरा गवतात टेकवायला लागतो. तिथं परत टीजी, घरी आल्यावर नळाखाली धुवून टाकायचा.

फोनबद्दल पण दोन शब्द. आयफोन १२ पासून ६ मीटर, अर्धा तास असं लिहिलेलं असतं खरं, पण पाण्याने बिघडला तर वॉरंटीत बसत नाही, हे ॲपलच लिहितं. आणि ओल्या बोटांनी टचस्क्रीन कशी वागते ते सगळ्यांनाच माहीत आहे, मीठ-पाण्यात तर विचारूच नका. बटण दाबलं की खटकन फोटो निघणं ही पावसात चैन नाही, गरज आहे.

आता वॉटरप्रूफने रडवलं ते, नाहीतर म्हणाल एकाच बाजूने बोलते. टीजी च्या आधी आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा वॉटरप्रूफ होता, कंपनीचं नाव नको कारण चूक शंभर टक्के आमची. तारकर्लीला होडीत मुलाने बॅटरी बदलली, ओल्या हाताने, वाळू लागलेल्या हाताने, आणि दार खटकन लावून पाण्यात उडी. दीड मीटर पाणी नसेल. वर आला तोवर स्क्रीनच्या आत घाम आल्यासारखं धुकं, मग दोन रेघा, मग काहीच नाही. दाराच्या आत जी रबराची चकती असते तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस आला की तुमचे ते १५ मीटर संपले. आणि मिररलेस भिजला तर निदान वाळवता येतो, लेन्स काढता येते, ह्याच्या आत एकदा पाणी गेलं की बाहेर यायला वाटच नाही, जी गोष्ट पाणी आत येऊ देत नाही तीच ते बाहेर पण जाऊ देत नाही. म्हणून आता नियम आहे, दार घरीच उघडायचं, सुक्या हाताने, रबर बोट फिरवून बघायचं, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि वर्षाला एकदा रबर बदलून घ्यायचं, कंपनीही तसंच सांगते. हे काही लेखात नव्हतं. पाण्याखाली थोडं खोल गेलं की लाल रंग आधी उडतो आणि सगळं हिरवट-निळं येतं, त्यासाठी कॅमेऱ्यात पाण्याखालचा मोड असतो तो लावायचा हे पण नव्हतं, माझी पहिली चाळीस चित्रं त्यात गेली.

किमतीचं एवढंच, टीजी-७ अमेरिकेत साडेपाचशे डॉलरला आला आणि आर ५० लेन्ससकट आठशेला, म्हणजे फरक आहे पण फार नाही, मिररलेसचा खरा खर्च पुढच्या लेन्सांत असतो. त्याला पाण्याखाली न्यायची पेटी घ्यायची म्हटली तर तिलाच कॅमेऱ्याएवढे पैसे लागू शकतात. इथल्या दुकानात वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट शोकेसमधे बघून कितीतरी वर्षं झाली, दुकानदार फोनच दाखवतो, माझा टीजी-६ भाच्याने अमेरिकेहून येताना आणला.

तेव्हा संपादक महाशय, माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्या लेखाखाली दोन ओळींचा खुलासा छापा, वेदरसील्ड मिररलेस आंबोलीच्या पावसात उघडा वापरू नका आणि पावसाळ्यात तो कपाटात नुसता ठेवू नका. तुमचा पेपर वाचून कुणी कॉलेजचा पोरगा पहिल्या पगाराचा कॅमेरा घेऊन घाटात यायचा. अजून ऑगस्ट बाकी आहे, आणि आमच्या डब्यातले खडे काल संध्याकाळीच परत गुलाबी झालेत.

आपली,
एक नियमित वाचक, सावंतवाडी