सगळे लाल बावटे एकच नव्हेत

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला लाल निशाण या जुन्या डाव्या पक्षावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. एरवी या पक्षाची आठवण कोणाला येते! पण सोबत फोटो कुठला, तर मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चचा. तो मोर्चा किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्टांचा. नाशिकच्या दैनिकाला एवढंही ठाऊक नसावं? लाल रंग दिसला की लाव फोटो, असा हिशेब असेल तर एसटीचाही चालला असता.

'१९६५ साली स्थापन झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा पक्ष' अशी एका ओळीत वासलात लावली आहे. नाव ६५ चं, खरं. पण ही मंडळी बेचाळीसच्या धामधुमीत कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडली, ब्रिटिशांच्या युद्धाला साथ देणारी 'लोकयुद्धा'ची भूमिका पटली नाही म्हणून. मग नवजीवन संघटना, मग शेतकरी कामगार पक्ष, तिथेही न जमल्याने कामगार किसान पक्ष. शेकापचं धोरण मांडणारा १९५० चा प्रबंध ज्या दाभाडीच्या नावाने ओळखला जातो ती आपल्याच मालेगाव तालुक्यातली. लेखात मॉस्को चारदा येतं, दाभाडी एकदाही नाही. गोर्बाचेव्हच्या काळातली फूट मात्र छान रंगवली आहे.

पक्षाच्या उद्दिष्टांना अर्धी ओळ. ती मी लहानपणी कामावर पाहिली आहेत. ७२ च्या दुष्काळात माझी आई सिन्नर तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. शाळा सुटली की मीही तिथेच, दुष्काळी कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या, म्हणजे पौष्टिक खाऊच्या आशेने. मुकादम मापात मारायचा. पगार लांबला की 'वरून आला नाही' हे ठरलेलं. संगमनेरकडून सायकलवर लाल निशाणचा एक कार्यकर्ता येई. भाषणबिषण काही नाही. त्याने बायकांना ढिगाची लांबी, रुंदी, उंची धरून ब्रास कसा काढायचा ते शिकवलं आणि पुढच्या मापाला त्यांनीच मुकादमासमोर टेप धरला. आई अंगठा उठवणारी. पण शंभर घनफुटांचा एक ब्रास हे तिला शेवटपर्यंत पाठ होतं. त्या खेपेला मजुरी वाढून मिळाली. मुकादम काय म्हणाला ते छापण्यासारखं नाही.

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. या योजनेचे जनक वि. स. पागे यांचं नाव आपण दरवेळी घेता, घ्यायलाच हवं. दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे कोणी बांधले, हे लिहायची वेळ आली की जागा संपते. लाल निशाणचे नेते कॉ. दत्ता देशमुख तर शेजारच्या संगमनेरचे. कालव्याचं बारमाहीऐवजी आठमाही, म्हणजे वर्षातले आठच महिने पाणी द्या, म्हणजे जास्त शेतकऱ्यांना पुरेल, हे ते हयातभर सांगत राहिले. गंगापूर, दारणेतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण पानंच्या पानं छापता, त्यात हे नाव मला तरी कधी दिसलं नाही.

आता जाता जाता. लेखाखाली 'उर्वरित मजकूर पान ६ वर' असं होतं. पान ६ वर गंगापूर रोडच्या फ्लॅटची पूर्ण पानभर जाहिरात आहे. उर्वरित मजकूर कधी छापणार ते कळवावे. फोटोची दुरुस्तीही त्यासोबतच द्यावी, आणि पहिल्या पानावर नको, वाचता येईल अशा अक्षरात दिली तरी पुरे.

– एक जुना वर्गणीदार, नाशिकरोड