कात्रजचं पाणी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमचा वाडा पाडल्याचं तू कळवलंस, पण माझ्याच्याने राहवेना. परवा मुद्दाम सदाशिव पेठेत जाऊन आलो. पत्रे ठोकलेत, रखवालदाराने आत सोडलं. माडी, देवघर, काही उरलेलं नाही. मागच्या चौकातला हौद तेवढा आहे. कोरडा. वाकून पाहिलं, तर चुन्यात बसवलेल्या खापरी नळाचं तोंड दिसलं. आपण त्यात गोट्या लपवायचो, आठवतं?

तू विचारलंस, मुठा उशाशी असताना पाणी थेट कात्रजहून कशाला? अरे, नदी जवळ ती जुन्या कसबा पेठेला. १७३० साली बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला, तेव्हा पुणं लहानच होतं. दरबार आला, तशी त्यामागे माणसं आली: कारकून, सावकार, शिलेदार, भिक्षुक, तांबट. त्यांचे चिरंजीव नानासाहेब पेशव्यांच्या काळात वस्ती नदीपासून दूर दक्षिणेकडे पसरली. आपली पेठ म्हणजे तर पूर्वीचं नायगाव! एवढ्या लोकांनी घागरी किती वाहायच्या?

म्हणून १७५० च्या सुमारास कात्रजला ओढा अडवून तलाव बांधला आणि तिथून शहरापर्यंत भुयारी नळ आणला. दगड-चुन्याचा, काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा. पाणी खेचायला काही नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा जायला आणि गाळ काढायला उतरायची जागा. शेवटी पेठापेठांतले हौद. ज्याच्या दारी स्वतःचा हौद नाही, त्यानेही तिथे घागर बुडवावी.

अटकेपार झेंड्यांचं आपण छाती फुगवून सांगतो. मला मात्र नानासाहेबांचा सगळ्यात मोठा पराक्रम हा नळ वाटतो. पानिपतानंतर काही महिन्यांतच, १७६१ साली, ते पर्वतीवर वारले. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने शहर लुटलं, जाळलं. तरी पेठा पुन्हा वसल्या, आणखी वाढल्या.

तुमच्या वाड्यातला तो हौद आता बुजवणार आहेत. मी बांधकामवाल्यांना खूप विनवलं, निदान नळाचं तोंड तरी ठेवा. "बघू" म्हणाले. फोटो काढलेत, सोबत पाठवतोय. तिसऱ्या फोटोत काठावरची झीज बघ. दोरानं पडलेली आहे ती. तुझ्या आजीचा हातही तिथेच लागला असेल.

लवकर ये. खोदकामाआधी एकदा दोघं मिळून बघू.

तुझाच,
जुना शेजारी