विकच्या आमच्या शेजारच्या आजींना

प्रिय आजी,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते आमच्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला मीच इंग्रजीत वाचून सांगेन.

स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, केथनेसमधल्या विक गावात आम्ही राहायला आलो ते डिसेंबरात. सकाळी नऊला उजाडायचं, दुपारी साडेतीनला दिवस मावळायचा. हे इस्पितळात, मी तान्ह्या लेकीसोबत घरात. तुम्ही सूपचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिलात आणि मग येतच राहिलात. त्या सूपचे आभार आहेतच. पण त्याहून मोठं देणं म्हणजे तुमच्या घरातल्या बायकांच्या आठवणी.

तुमची आजी हेरिंग साफ करायची. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. एकोणिसाव्या शतकात त्याच्या हंगामात विकच्या बंदरात हजारावर होड्या लागायच्या. बायका तिघी-तिघींच्या टोळीने काम करायच्या. दोघी मासा चिरून आतडी काढायच्या, तिसरी पिंपात मिठाचे आणि माशांचे थर लावायची. बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, तरी चिरलेल्या बोटांत मीठ जायचंच. हंगामाआधी व्यापारी इसार द्यायचा, की पोरी लाकडी पेटी भरून निघाल्या! शेटलंडपासून पार इंग्लंडातल्या ग्रेट यारमथपर्यंत, होड्या जातील तसतशा. कामातून हात मोकळे झाले की विणकाम, चालतानासुद्धा. जर्मनी आणि रशियाकडे जाणारी पिंपं पहिल्या महायुद्धाने थांबवली, आणि तो धंदा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही, हे सांगताना तुम्ही हळहळायचात.

बँक रो या रस्त्यावरून जाताना तुम्ही नेहमी थांबायचात. 1 जुलै 1940 ला भरदिवसा तिथे बॉम्ब पडले आणि 15 माणसं गेली, त्यांत 8 मुलं. शेजारच्याच संग्रहालयात जॉन्स्टन घराण्याच्या तीन पिढ्यांनी काढलेले गावाचे फोटो आहेत. त्यातल्या बायकांच्या बोटांवरच्या चिंध्या तुम्ही मला एकेक करून दाखवल्यात. तुम्ही नसतात तर मी फक्त होड्या बघून पुढे गेले असते.

आणि एका संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "तुझी आजी काय करायची गं?" हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्याच रात्री मी आईला फोन लावला. आई तासभर बोलली. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासे घ्यायचे, खारवायचे, वाळवायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन दापोलीच्या बाजाराला जायचं. मिठाने आजीचेही हात फाटायचे, रात्री ती खोबरेल तेल चोळून झोपायची. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. आता मी आईकडून ऐकून सगळं वहीत लिहून काढतेय, तुमच्या आजीचं आणि माझ्या आजीचं, एकाच वहीत. लेकीचा जन्म इथला, तिला दोन्ही हवं.

आई येत्या जूनमध्ये येतेय. व्हेलिगोच्या कड्यावरच्या तीनशेहून जास्त पायऱ्या बायका माशांच्या टोपल्या पाठीवर घेऊन चढायच्या आणि तिथून विकपर्यंत चालत यायच्या, हे तिला सांगितल्यापासून तिने तिथे जायचंच म्हणून ठरवलंय. तुम्हीही चला. एका पिंपाला मीठ किती लागायचं, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय.

तुमची,
शेजारीण