स्वस्त विजेच्या हिशेबात चंद्रपूर कुठे?

महोदय,

कालच्या अंकातील ऊर्जाविषयक लेखात कोळशाची वीज स्वस्त, आणि बॅटऱ्यांचा खर्च धरता सौरऊर्जा ‘न परवडणारी’, असा निष्कर्ष काढण्यात आला आहे. लेखक अभ्यासू आहेत आणि त्यांच्या कोष्टकातील बेरीज-वजाबाकीही बिनचूक असावी. मात्र त्या कोष्टकात राखेसाठी रकाना नाही, एवढे नम्रपणे निदर्शनास आणावेसे वाटते.

आमच्या गच्चीवर पूर्वी दर उन्हाळ्यात गव्हाच्या कुरडया आणि मुगाच्या वड्या वाळत असत. चंद्रपूरचे ऊन असे, की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखडीत वाळलेली असावी. आता आमच्या घरी हे काम बंद झाले आहे, कारण वरून पातळ कापड पांघरले तरी कुरडईच्या तारांत काळी कणी अडकते आणि तळल्यावर ती दाताखाली येते. ही भुकटी वीजनिर्मितीची, खाणीची, सिमेंटची, की ताडपत्रीविना धावणाऱ्या ट्रकची, हे सांगणे आम्हाला शक्य नाही. तक्रार घेऊन गेल्यास प्रत्येक जण दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखवतो. सौभाग्यवती आता कुरडया विकत आणतात. तो खर्च विजेच्या दरात धरावा, असा माझा हट्ट नाही. नातवाला हिवाळाभर लागणारे नेब्युलायझर आणि डॉक्टरांची फी तेवढी धरली तरी पुष्कळ झाले.

गंधकाचा धूर रोखणाऱ्या यंत्रणेमुळे वीज महागेल, ही लेखकांची चिंताही जुनीच आहे. त्यासंबंधीचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले, मुदत २०१७ ची होती, ती पुनःपुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. युनिटमागे पंचवीस-तीस पैसे वाचतील, असे तेव्हा सांगण्यात आले. हे पैसे कोणाच्या छातीतून वाचवले जातात, तेही सांगितले असते तर बरे झाले असते. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात आमचे गाव ८३.८८ गुणांसह देशात चौथे आले होते. शाळेत एवढे गुण मिळवणाऱ्याचा आम्ही सत्कार करतो.

रात्री सूर्य नसतो, हे लेखकांचे म्हणणे मान्य. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौरऊर्जेचा दर १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता, त्यातही साठवणूक नव्हती, हेही खरे. पण स्वच्छ ऊर्जेच्या नावाने २०१० पासून कोळशावर उपकर घेतला गेला, तो टनामागे ५० रुपयांवरून २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर नेण्यात आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या भरपाईकडे वळवण्यात आला. तो पैसा ठरल्या कामी लागला असता, तर आज बॅटऱ्यांच्या किमतीचा एवढा बाऊ करावा लागला नसता. लेखात या उपकराचा उल्लेखही नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या मुख्य अंकात चंद्रपूरचे नाव येते ते मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की. त्या चौकटीत तापमानाशेजारी त्याच दिवशीचा हवेचा निर्देशांक छापण्यास फार जागा लागणार नाही. हे मी गेल्या उन्हाळ्यातही कळवले होते; ते पत्र बहुधा जागेअभावी राहिले असावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, चंद्रपूर