बोरिक पावडर वापरा, पण लेबल लावून

संपादक महोदय,

पावसाळा आला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या फलकांवर पेस्ट कंट्रोलची सूचना लागते. ओटे रिकामे होतात, फवारणी होते, दोन दिवस घरात वास कोंडतो आणि पंधरवड्यात सिंकखालच्या ट्रॉलीत झुरळं पुन्हा फिरू लागतात. नेरुळ, कोपरखैरणेतल्या जुन्या इमारतींत एकाच डक्टमधून सगळ्या मजल्यांचे पाइप उतरतात. एका घरात फवारलं की तिथली झुरळं शेजारच्या, खालच्या घरात सरकतात.

स्वयंपाकघरातली ती छोटी तपकिरी झुरळं, म्हणजे जर्मन झुरळं, नेहमीच्या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवाऱ्यांना अनेक ठिकाणी दाद देत नाहीत. मादीच्या एका कुपीत तीस-चाळीस अंडी असतात आणि कुपीतल्या अंड्यांपर्यंत औषध सहसा पोहोचत नाही. पिल्लं बाहेर पडतात तोवर फवाऱ्याचा जोर ओसरलेला असतो.

बोरिक पावडरचं बळ नेमकं इथे आहे. ती उडून जात नाही, कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने काम करते. झुरळ तिच्यावरून चालतं, पायांना, मिशांना भुकटी चिकटते, ती साफ करताना पोटात जाते. मरायला काही दिवस लागतात, म्हणून लोक धीर सोडतात आणि वरून फवारा मारतात. तसं केलं की झुरळं त्या जागेकडे फिरकतच नाहीत आणि पावडर फुकट जाते. ढीग घालूनही उपयोग नाही. झुरळं ढिगाला वळसा घालतात. ओट्यामागच्या फटीत, फ्रिजखाली, जेमतेम दिसेल इतका पातळ थर हवा. मुंग्यांसाठी १०० मिलिलिटर साखरपाण्यात १ ग्रॅम पुरते. जास्त घातली तर कामकरी मुंग्या वारुळात पोहोचण्याआधीच मरतात आणि राणी सुखरूप राहते. ढेकणांसाठी मात्र ही पावडर नाही, ते फक्त रक्त पितात. पण म्हणून कुणी ढेकणांसाठी धान्यात ठेवायच्या कीटकनाशक गोळ्या घरात आणू नयेत. त्यातला फॉस्फिन वायू शेजारच्या घरातल्या माणसांचाही जीव घेऊ शकतो.

अमेरिकेत १९४८ पासून कीटकनाशक म्हणून नोंदलेला हा पदार्थ आपल्याकडे कॅरमची पावडर म्हणूनही मिळतो. बिनलेबलाच्या पुडीत नेमकं काय आहे ते कळत नाही. ती घरी येते, मैद्याच्या शेजारी बसते. तिच्यात कणीक, साखर आणि दूध घालून केलेल्या गोळ्या ओट्याखाली उघड्या ठेवल्या जातात, रांगणाऱ्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. पूर्वी बाळांच्या अंगाला बोरिक पावडर लावली जायची. त्यातून विषबाधा होऊन बाळं दगावली, तेव्हा ती पद्धत सोडावी लागली. युरोपीय संघाने तर हा पदार्थ प्रजननाला घातक ठरवला आहे. ‘घरगुती उपाय’ म्हटलं की तो निरुपद्रवी, हा समज मला फार धोक्याचा वाटतो.

महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला घरोघरी येतातच. त्यांच्या हाती मराठी आणि हिंदीत एक पानाचं पत्रक द्यावं: पावडर कुठे टाकावी, कुठे नाही, गोळ्या बंद डबीत कशा ठेवाव्यात, मुलाने खाल्लीच तर पुडी घेऊन थेट रुग्णालयात जावं. दुकानदारांनी सुटी पुडी विकू नये. आणि सोसायट्यांच्या समित्यांनी कंत्राटदाराकडून औषधाचं नाव लेखी घ्यावं. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. आपल्या घरात काय फवारलं जातंय, हे रहिवाशाला कळायलाच हवं.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई